लाल टोपण

३ जून

प्रिय थेंबेबाई,

माझं डोकं नक्की कधी फिरलं, असं तू जाताना विचारलं होतंस. तेव्हा मी रिकाम्या पिंजऱ्याला लाथ घालून निघून गेलो होतो. आता सांगतो. आपल्या लॅबमधला, लाल टोपणाच्या बाटलीतले थेंब मिळणाऱ्या गटातला तो कान कातरलेला उंदीर सकाळपासून एका कुशीवर पडून होता. अंग गार, डोळे अर्धे मिटलेले. मोठे सर त्याच्याकडे बघून नुसती मान हलवून गेले होते. तू त्याच्या नाकात थेंब सोडलेस, मी त्याला धरून बसलो, आणि चहा यायच्या सुमाराला तो माझ्या तळहातावर आपणहून पालथा झाला. चारही पायांवर उभा राहिला. आणि माझ्या अंगठ्याला कडकडून चावला. तू आधी पोट धरून हसलीस, मग कापूस आणलास. त्या क्षणी. तिथून पुढे माझं काही खरं राहिलं नाही.

माझा नंबर तू बंद करून टाकलायस, म्हणून पत्र. पत्ता स्टोअरवाल्या काकांनी दिला, तोही दहा वेळा विनवल्यावर. “पोरगी शिकायला गेलीय तिकडे, तू उगाच गोंधळ घालू नकोस,” म्हणाले. मी कशाला गोंधळ घालू? प्रॅक्टिकलच्या सरांची कॉलर धरून दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला, पिंजऱ्यातला भुसा बदलणारा मी. गोंधळ घालायला लायकी लागते.

तू रागावली आहेस ते बरोबर आहे. बाटली मीच नेली. तुला माहीत होतं आणि तू सरांना सांगितलं नाहीस, हेही मला माहीत आहे. त्या एका बाटलीपायी प्रयोगाची अख्खी दुसरी फेरी बाद झाली, तुझं इतकं काम पाण्यात गेलं. पाया पडून माफी मागितली असती, पण तू दारातही उभं केलं नाहीस.

एकच विचारायचंय. पहिल्या फेरीत लाल टोपण म्हणजे औषध होतं, हे तर नंतर सगळ्यांनाच कळलं. दुसऱ्या फेरीत लाल म्हणजे काय होतं? औषध की साधं मिठाचं पाणी? मी आपलं धरून चाललो होतो की लाल म्हणजे लाल. परवा काका म्हणाले, “प्रत्येक फेरीला रंग नव्याने ठरतात रे बाबा. उंदीर धरणाऱ्याला कळू नये म्हणूनच तर.”

“म्हणजे लाल बाटलीत औषध नसेलही?”

“असेलही, नसेलही. तुला काय करायचंय?”

काही करायचं नाही. सहज विचारतोय. एका ओळीत कळव. नाव नको लिहूस, प्रिय वगैरे काही नको. नुसतं औषध किंवा पाणी.

तुझा
भडकू

२१ जून

थेंबेबाई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मोठ्या माणसांना वेळ नसतो.

हे मागचं वाक्य खोडणार होतो, पण राहू दे. तू मला भडकू हे नाव उगाच नाही ठेवलंस.

तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. फेरी बाद झाल्यावर उंदीर ठेवून उपयोग नव्हता. त्यांना संपवायचं काम माझ्याकडे आलं. सर म्हणाले, “तुझ्या हाताला सरावलेत, त्रास कमी होईल.” तुला आठवतं, औषध सुरू करायच्या आधी दोन आठवडे आपण त्यांना नुसते उचलायचो? रोज मानगुटीला हलकं धरायचं, उताणं करायचं, हनुवटी सपाट, पोटावरून बोट फिरवायचं, परत ठेवायचं. सवय झाल्याशिवाय थेंब नाही, कारण घाबरलेला उंदीर हिसका देतो, थेंब फुफ्फुसात जातो आणि बुडून मरतो. “पोटाचा वळसा नको,” तू म्हणायचीस. “नाकाच्या छपरापाशी थेंब टेकला की तो थेट वरच्या मजल्यावर, मेंदूत. बेशुद्ध माणसाला गोळी गिळता येत नाही, सुई लावणारा गावात नसतो, पण नाक तर असतं ना?”

तर गॅसच्या डब्यात टाकायला मी एकेकाला उचललं आणि ते सगळे माझ्या हातात आपणहून उताणे झाले. पाय पोटाशी घेऊन, नाक वर करून थेंबाची वाट बघत. एकही चावला नाही. एखादा तरी चावायला हवा होता.

आता नळाची गळती, सायकलच्या पंपाची हवा, कुठूनही मला तो आवाज येतो. थेंब नाकपुडीत ओढला जाताना होतो तो. तुला म्हटलं तर हसशील. बारीक ‘सुक्’ असा.

घरी सगळे मजेत. दादाच्या टेम्पोला काम बरं मिळतंय. वहिनीचं शिवणकाम चालूच. त्यांची टकळी पण आहे. तुला तिच्या गमती सांगायचो ना मी? बोलायला लागली तेव्हापासून तोंड बंद म्हणून नाही, म्हणून टकळी. मी कामावर काय करतो ते सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला होता, “काका, उंदराला सर्दी झालीय?” आणि तू तो प्रश्न आपल्या खोलीच्या फळ्यावर लिहून ठेवला होतास. अजून तसाच आहे. पुसायला मी कुणाला देत नाही.

औषध की पाणी? एवढंच.

भडकू

१२ जुलै

तू काकांना फोन केलास आणि त्यांच्यामार्फत निरोप दिलास की “आधी सांग, बाटली कशाला नेलीस.” माझ्याशी नाही बोललीस. काका मला निरोप देताना असे उभे होते, जणू वॉरंट घेऊन आलेत.

सांगतो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

टकळीला ताप होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं रक्त बघून मलेरिया म्हटलं, गोळ्या दिल्या. तिच्या पोटात एकही गोळी टिकेना. वहिनी चमच्यात चुरून द्यायची, ती ओकायची. मी त्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर दादा टेम्पो दारात लावून उभा, आणि वहिनी टकळीला चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेली. तिला झटका आला होता. डोळे पांढरे, दात घट्ट, हातपाय आपटत होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, मोठ्या दवाखान्यात न्या, ताप मेंदूत चढतोय.

मेंदूत. तो शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर मलेरिया मेंदूत चढलेला तो कान कातरलेला उंदीर उभा राहिला. शप्पथ सांगतो, मी दुसरा कसलाच विचार केला नाही. सायकल मारत लॅबला गेलो, लाल टोपणाची बाटली खिशात घातली आणि परत आलो. ते निघायच्याच बेतात होते.

“थांब,” मी म्हणालो. “माझ्याकडे औषध आहे.”

दादा म्हणाला, “वेडा आहेस का? बस पुढे.”

“मोठा दवाखाना नदीपलीकडे आहे, पुलावर ही गर्दी, तिथे रांग, केसपेपर, तोवर काय करशील? मी डोळ्यांनी बघितलंय दादा. मेलेला उंदीर उठून बसलाय.”

“ही उंदीर आहे का?”

मी तेव्हा जे बोललो ते तुला लिहायला लाज वाटते. म्हणालो, तू आयुष्यभर टेम्पोच हाकलास, तुला काय कळतंय. त्यानं इंजिन बंद केलं. मी टकळीला उताणं धरलं, मान अलगद, हनुवटी सपाट, तू शिकवलंस तसं, आणि एकेका नाकपुडीत थेंब सोडले. घाई केली नाही. एकही थेंब वाया गेला नाही. तू असतीस तर शाबासकी दिली असतीस.

आणि झटका थांबला. खरंच थांबला. ती सैल पडली, श्वास नीट झाला, झोपली. वहिनीनं माझे पाय धरले. दादानं टेम्पोची चावी काढून खुंटीला लावली. मीच म्हणालो होतो, आता झोपू दे, सकाळी उठेल.

सकाळी ती उठली नाही.

आता तरी सांगशील?

३० जुलै

अजून उत्तर नाही. तुझं बरोबर आहे, मी अर्धंच लिहिलं. तुला वाटलं असेल ती गेली. नाही गेली.

सकाळी नेलं, सुया लावल्या, बरेच दिवस काचेच्या पलीकडे ठेवलं. वाचली. तिथले डॉक्टर म्हणाले, “इथवर जिवंत आणलीत हेच खूप झालं.” त्यांना म्हणायचं होतं की उशीर केलात. वहिनीनं ऐकलं की कुणीतरी जिवंत ठेवली. आणि ते कोण, तर मी.

आता आमच्या घरात मी देव आहे. टेम्पोस्टँडवर दादा सांगतो, माझ्या भावानं पोरगी वाचवली. पोळीचा पहिला तुकडा मला. शेजारची बाई आपल्या म्हाताऱ्याला घेऊन येते, “त्याला पण थेंब द्या ना, अंगात कणकण आहे.” मी तिच्यावर ओरडलो, तर ती म्हणते, गुणी माणसं तापटच असतात.

टकळी बोलत नाही. एक शब्द नाही. चालते थोडी, डावा पाय ओढत. छताच्या कोपऱ्याकडे बघत बसते, तिथे काहीही नाही, मी शिडी लावून बघितलंय. हाक मारली की कधी वळते, कधी नाही. आम्ही अजून तिला टकळीच म्हणतो. हाक मारून झाली की सगळे जण क्षणभर गप्प होतो.

दवाखान्यातून सांगितलं होतं की बोलण्याचे, पायाचे उपचार लगेच सुरू करा. पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर फार हाती लागत नाही. आठवड्यातून तीनदा न्यायचं, वहिनीचं शिवणकाम बुडणार. वहिनी म्हणाली, “कशाला? ज्या थेंबांनी जीव परत आला त्या थेंबांनी वाचा पण येईल. भावजी, आणखी आणा ना.”

मी नाही म्हणू शकलो नाही.

तर मी आणतो. आपलं मिठाचं पाणी, घरीच उकळून गाळलेलं. रोज संध्याकाळी तिला उताणं घेतो आणि थेंब सोडतो. कुणाला त्रास नाही त्यात. वहिनी समोर हात जोडून बसते. मी आत बघतो, नाकपुडीत थेंब ओढला जातो, ‘सुक्’.

हे सगळं मी निभावून नेईन, फक्त एवढं कळू दे की त्या दिवशी औषध होतं. पाणी असेल तर मी एका लेकराला पाण्यावर रात्रभर घरात ठेवलं. औषध असेल तर निदान मी चुकलो नव्हतो, औषध कमी पडलं. या दोन गोष्टींत फरक आहे. आहे ना?

तुझी फार आठवण येते. हे इथे लिहिणं शोभत नाही, ते कळतंय मला. पण कळून वळलं असतं तर मी मी नसतो.

९ ऑगस्ट

आज तुझा फोन आला. प्राणीघराच्या भिंतीवरचा तो जुना फोन वाजला तेव्हा मी हातमोज्यांसकट उचलला. तू जे बोललीस ते मी पुन्हा तुलाच लिहून काढतोय, कारण तिथे भुशाच्या पोत्यांशेजारी उभं राहून मला धड ऐकताही येत नव्हतं.

तू म्हणालीस, “लाल म्हणजे औषधच होतं.”

आणि मी, तुला ऐकू आलं असेल, मोठ्याने हुश्श केलं. मग तू विचारलंस, “उंदराचं वजन किती असतं?”

“वीस ग्रॅम. पंचवीस.”

“आणि तुझ्या पुतणीचं?”

मी हातमोजे काढायला लागलो.

“एका बाटलीत पाच उंदरांची एका दिवसाची मात्रा. तिच्या वजनात सहाशे उंदीर बसतात. पाचांचं तू सहाशेंना वाटलंस. दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलायस ना? वजनाप्रमाणे मात्रा पहिल्या वर्षाला असते.”

“त्या पेपरात मी पास झालो होतो,” मी म्हणालो. हे मी का म्हणालो, देव जाणे.

“लाल टोपणाची बाटली काय, निळ्या टोपणाची काय, तिच्यासाठी दोन्ही पाणीच होतं. झटका आपणहून थांबतो रे. बहुतेक वेळा थांबतोच. कमी पडलं ते औषध नाही. टेम्पो दारात उभा होता.”

तू रडत होतीस का? फोनवर खरखर होती. मी विचारलं, परत कधी येशील, आणि तू म्हणालीस, “हे विचारायची ही वेळ आहे?” मग तू विचारलंस की उपचार सुरू केले का. मी म्हणालो, वहिनी थेंबांवर विसंबून आहे.

“तू अजून थेंब घालतोयस तिला?”

“नुसतं मिठाचं पाणी आहे गं, काही अपाय नाही.”

“मी पाण्याचं विचारत नाहीये.”

शेवटी म्हणालीस, “त्यांना तू सांग. मी नाही सांगणार आणि तुला सोडवायलाही येणार नाही.” आणि फोन ठेवलास.

मला तुझा भयंकर राग आला. रिसीव्हर असा आपटला की काका धावत आले. “कोण मेलं?” म्हणाले.

मी म्हणालो, “कुणी नाही.”

मी इतके दिवस रंग विचारत होतो. तू रंग सांगितलास आणि आता माझ्याकडे विचारायला काही उरलं नाही. हेच तुला हवं होतं ना?

मी नाही सांगणार त्यांना. काय करायचं ते कर.

१७ ऑगस्ट

सांगितलं.

हे पत्र लॅबमधून लिहितोय. काकांनी भुशाच्या खोलीत झोपायला परवानगी दिली आहे. सरांना कळू देऊ नकोस म्हणाले. तुला आता हे कशाला लिहितो ते मलाही नीट माहीत नाही. तुझ्यासाठी म्हणून मी सांगितलं नाही, आपलं जे काही होतं ते फोनवरच संपलं. पण जे झालं ते कुणाला तरी जसंच्या तसं सांगायला हवं.

तुझ्या फोननंतर आठवडाभर मी रोज थेंब सोडत राहिलो. हो. रोज सायकलवरून येताना ठरवायचो की आज बोलायचं, आणि दारात वहिनी हसून पाणी पुढे करायची. आणि दादा, ज्याला मी तसं बोललो होतो, तो उठून मला बसायला जागा द्यायचा.

काल संध्याकाळी हात धुऊन ड्रॉपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. टकळी चटईवर बसली होती, छताच्या कोपऱ्याकडे बघत. मला बघितलं. मी अजून खाली वाकलोही नव्हतो. ती आपणहून आडवी झाली. उताणी. दोन्ही पाय पोटाशी घेतले, हनुवटी वर केली, आणि नाक माझ्याकडे करून गप्प पडून राहिली.

वहिनी आनंदानं ओरडलीच. “अगं बाई! बघितलंत का? अहो, बघा तरी, समजायला लागलंय तिला! आपली आपण झोपली!” दादा आतून टॉवेल खांद्यावर टाकून आला. दोघं तिच्याकडे बघून हसत होते.

“ही समज नाही,” मी म्हणालो. “ही सवय आहे.”

“तेच की,” वहिनी म्हणाली. “चांगली सवय लागली.”

“वहिनी, उंदीर असे करतात. मी त्यांना लावतो ही सवय. हिला पण मीच लावली. यात औषध नाही. मिठाचं पाणी आहे.”

“आज औषध संपलं का?”

“कधीच नव्हतं. पहिल्या दिवशी होतं, तेही पाच उंदरांपुरतं. तिचा झटका आपला आपण थांबला. थेंबांनी काही झालं नाही. काहीच नाही. तिला वाचवलं ते सुयांनी, आणि त्या सुया तिला मी रात्रभर मिळू दिल्या नाहीत.”

एवढं मी एका दमात बोललो. टकळी तशीच पडून होती, नाक वर.

दादा म्हणाला, “पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी हळू.

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. परत पुसलं. “मी टेम्पो चालू केला होता,” म्हणाला. माझ्याकडे बघतच नव्हता. “गिअर टाकला होता मी.”

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं त्यानं, मी तयारीत होतो, दातावर दात धरून उभा होतो. तो चटईजवळ खाली बसला आणि त्यानं टकळीला उठवून बसवलं. ती पुन्हा आडवी झाली. त्यानं पुन्हा बसवलं. ती पुन्हा आडवी. मग त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलं.

वहिनी एवढा वेळ ड्रॉपरकडे बघत होती. “तेव्हा निघालो असतो,” तिनं विचारलं, “तर बोलली असती?”

कदाचित, असं म्हणणार होतो. कुणालाच सांगता येणार नाही, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरं आहे. तू तसंच म्हणाली असतीस.

“बहुतेक,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. उठली, कपाटातून दवाखान्याची फाईल काढली, दादापुढे धरली. “उद्या पहिल्या पाळीला नंबर लावायचा. शिवणाचं मी बघते काय ते.” मग माझ्याकडे वळली. तिनं मला एकेरीत कधी हाक मारली नव्हती. “तू तिला पुन्हा हात लावायचा नाहीस.”

“नाही लावणार.”

“तिच्यासमोर यायचं पण नाहीस. तू दिसलास की ती झोपेल.”

हे तिनं रागानं म्हटलं नाही. खरं होतं म्हणून म्हटलं. मी दोन शर्ट पिशवीत कोंबले. दादा पाठमोरा होता. त्याच्या खांद्यावरून टकळी माझ्याकडे बघत होती, आणि तिची हनुवटी हळूहळू वर जायला लागली होती. मी चपला हातातच घेतल्या, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.